कपाट वाचले, पाकिटे गेली

कार्यालयीन स्वच्छता मोहिमेचे परिपत्रक दरवर्षी येते. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले प्रिंटर आणि जुन्या फायली यांच्यापलीकडे त्याचा आपल्याशी काही संबंध आहे, असे आपल्याला वाटत नाही. यंदा एका किनारी केंद्रातल्या वाचकाने जे कळवले आहे ते वाचल्यावर तसे वाटू नये. निर्लेखन समितीने नमुन्यांच्या खोलीतले लाकडी कपाट उघडले. आत ढोमा, कोथ आणि घोळ या माशांच्या ओटोलिथची, म्हणजे कानातल्या खड्यांची, पाकिटे होती, त्यांतली काही १९८०च्या दशकातली. कपाटाला जडवस्तू नोंदवहीत क्रमांक होता, पाकिटांना नव्हता. कपाट जागेवर राहिले आणि पाकिटे कचऱ्याच्या गाडीत गेली. इतिवृत्तात कारण लिहिले आहे: ‘मुदतबाह्य नाशवंत जैविक नमुने’.

नाशवंत! ज्युरासिक काळातल्या माशांचे ओटोलिथ आजही खडकांत सापडतात. इथे मुदत संपली ती खड्यातल्या अॅरागोनाइटची की समितीच्या सामान्यज्ञानाची, एवढे तरी इतिवृत्तात यायला हवे होते.

सगळा दोष भांडारपालाच्या माथी मारणे मात्र सोपे आहे आणि अर्धवटही. त्याची अडचण समजून घ्या. वस्तू वहीत चढवायची तर तिला खरेदीची किंमत लागते. ओटोलिथ कोणी विकत घेत नाही, विकत घेतली जाते ती मासळी. मासळी पडते उपभोग्य वस्तूंच्या शीर्षाखाली, आणि उपभोग्य वस्तू ज्या दिवशी वापरली त्याच दिवशी कागदावरून संपते. म्हणजे ढोम्याच्या डोक्यातून सॅजिटा, म्हणजे मोठा खडा, काढून पाकिटात घातला, त्या क्षणी तो सरकारी दृष्टीने अस्तित्वातच नसतो. ज्याने तो काढला त्याची पुढे बदली होते, नव्या माणसाकडे कार्यभार येतो त्यात सूक्ष्मदर्शक असतो, वजनकाटा असतो, टेबलफॅन असतो. पाकिटे नसतात. दुसऱ्या एका वाचकाचा अनुभव याच्या पुढचा आहे. घोळीची भोत आणि मांस व्यापाऱ्याने काढून घेतल्यावर त्यांनी नुसती डोकी विकत घेतली. शहाणपणाचेच काम केले, कारण पालघरच्या मुरबे गावात २०२१ मध्ये १५७ घोळींचे सव्वा कोटीच्या वर पैसे आले होते. अख्खी घोळ घेणे कुठल्या प्रकल्पाला परवडणार? लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला की दरपत्रकात ‘डोके’ ही बाब नाही, आणि मासळी खरेदी केली असेल तर उरलेली मासळी कुठे आहे? उत्तर-प्रत्युत्तर अजून चालू आहे.

हे हसण्यावारी नेता आले असते, पण गेलेली पाकिटे नेमकी कशाची होती ते पाहा. आपल्या किनाऱ्यासमोर पावसाळ्यात खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागावर चढते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरात तळालगतचा प्राणवायू जवळजवळ संपतो. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले की ही स्थिती अलीकडे तीव्र होत चालली आहे. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची नियमित मोजणी सुरू झाली ती १९९७ पासून. त्याआधीचे पाणी कोणी इतक्या सातत्याने बाटलीत भरून मोजलेले नाही आणि आता ते मोजताही येणार नाही. मग तीव्रता वाढली ती कधीपासून? मुंबई-रत्नागिरीच्या पट्ट्यातही तसेच झाले का? तळालगत राहणाऱ्या, तारीख ठाऊक असलेल्या ढोम्याचा १९८५चा ओटोलिथ या प्रश्नावर साक्ष देऊ शकला असता. तळाचा प्राणवायू संपला की गाळातले मँगनीज विरघळून पाण्यात येते आणि ओटोलिथच्या त्या दिवसांच्या थरात अडकते. थर पुन्हा विरघळत नाही, म्हणून हाडापेक्षा हा खडा भरवशाचा. बाल्टिकमध्ये लिम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी कॉडच्या बाबतीत २०११ मध्ये हेच केले. त्यासाठी त्यांना आजच्या माशांबरोबर गॉटलंड बेटावरच्या अश्मयुगीन वस्तीतले ओटोलिथ मिळाले. अश्मयुगातल्या लोकांनी डोकी उकिरड्यावर टाकली, पण उकिरड्याचे निर्लेखन केले नाही.

उत्साहाच्या भरात काही सभासद ओटोलिथकडून नको ते मागतात, तेही इथेच सांगून टाकू. ‘आम्लतावाढीचा इतिहास ओटोलिथवरून’ असे दोन प्रस्ताव आमच्याकडे अभिप्रायासाठी आले. कानातल्या द्रवाचा सामू मासा स्वतः सांभाळतो. बाहेरच्या पाण्याचा सामू तिथे सरळ उमटत नाही. चेकली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले ते इतकेच की कार्बन डायऑक्साइड खूप वाढवलेल्या पाण्यात व्हाइट सीबासच्या, म्हणजे घोळीच्याच कुळातल्या माशाच्या, पिलांचे ओटोलिथ अपेक्षेपेक्षा मोठे झाले. त्यावरून सामू काढायला बसू नका. मँगनीजचेही तसेच. वाढीच्या वेगाने ते वरखाली होते, म्हणून मॅग्नेशियमशी गुणोत्तर घेतल्याशिवाय आलेख छापू नका. खड्यात अॅरागोनाइटऐवजी व्हॅटराइटचा डाग असेल तर मँगनीज आपोआप चढते आणि स्ट्रॉन्शियम पडते. तो डाग म्हणजे प्राणवायूचा दुष्काळ नव्हे. मासा वाईट पाण्यातून पळून गेला असेल तर थर कोराच राहील, हेही आहे. ऑक्सिजन समस्थानिकांत एका अंश सेल्सिअसला हजारी ०.२ एवढाच फरक पडतो, आणि आपल्याकडे तो नदीचे गोडे पाणी सहज गिळून टाकते.

आता घरचा आहेर. जी पाकिटे समितीच्या तावडीतून सुटली आहेत त्यांतली निम्मी आपणच निकामी केलेली आहेत. अख्खी डोकी अजून फॉर्मॅलिनमध्ये ठेवली जातात. आम्लधर्मी फॉर्मॅलिनमध्ये खड्याची कड आधी जाते, आणि पकडलेल्या महिन्याची नोंद कडेलाच असते. धातूचा चिमटा, डिंक, नेलपॉलिश यांचा वापर तर विचारू नका. शिंगाळ्यात मोठा खडा लॅपिलस असतो हे ठाऊक असूनही पाकिटावर ‘सॅजिटा’ लिहिले जाते. पाकिटावर ‘ढोमा, ससून डॉक’ एवढेच असेल तर तो मासा कुठल्या खोलीवरचा आणि कुठल्या महिन्यातला हे कोणते यंत्र सांगणार? थर तपासायला लेसरचे तास भाड्याने मिळतात. तारीख मिळत नाही. लांबीच्या नोंदींवर इलेफॅन ही संगणकीय पद्धत चालवून वय काढायची सवय लागल्यापासून ओटोलिथ काढणे हे प्रशिक्षणार्थींच्या वहीपुरते उरले आहे आणि ज्येष्ठ मंडळींना त्याची लाज वाटत नाही.

पुढची मोहीम येण्याआधी करायचे ते फार नाही. आपल्या केंद्रातली, महाविद्यालयातली पाकिटे मोजा आणि प्रत्येक संचाला जडवस्तू नोंदवहीत नाममात्र एक रुपया किमतीने क्रमांक घ्या. भांडारपाल नियम विचारेल. प्रमुखांची टिप्पणी जोडा, तरी नाही म्हणाला तर ते नाही लेखी घ्या. जोडीतला एक खडा वयासाठी वापरा, दुसऱ्याला हात लावू नका. जुनी पाकिटे धुऊ नका, नव्या डब्यात घालताना जुना कागद फेकू नका, त्यावरचे पेन्सिलचे अक्षरच तुमचा पुरावा आहे. निवृत्त सहकाऱ्यांना फोन करा. बिनतारखेच्या पाकिटांची तारीख त्यांच्या घरच्या डायरीत असू शकते, आणि ते फोन फार दिवस उचलतील असे धरून चालू नका.

जात, बंदर, वर्ष, महिना, नगसंख्या आणि साठवण कोरडी की द्रवात, एवढ्या रकान्यांची यादी आम्हाला पाठवा. मिळेल ती यादी पुढच्या अंकापासून छापू, ज्यांच्याकडून येणार नाही त्यांच्या केंद्रांसमोरची जागा कोरी ठेवून छापू. टंकलिखितच हवी असे नाही, हाताने लिहिलेली चालेल.