राज्य कसे चालते, ते आमच्या पोरांनी का शिकू नये?

"गेम खेळून क्रांती होते का?" असा टोमणा चळवळीतली काही ज्येष्ठ मंडळी मारतात. नाही होत. पण सत्ता कशी चालते ते कळते, आणि आम्हाला ते कळू नये याचीच तर हजारो वर्षे तजवीज झाली.

'व्हिक्टोरिया ३' घ्या. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा हा गेम २०२२ साली आला. काळ १८३६ ते १९३६. त्यात अमेरिका घ्या आणि गुलामगिरी बंद करून दाखवा! जमीनदारांचा गट आडवा येतो, यादवी पेटू शकते. आधी कारखाने, शाळा उभारून त्यांचा जोर मोडावा लागतो. म्हणजे कायदा कुणाच्या दयेने होत नाही, ताकदीचे गणित बदलावे लागते. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, ती उगाच नव्हे.

मात्र खेळताना डोळे उघडे ठेवा. गेम तुम्हाला राज्यकर्त्याच्या खुर्चीत बसवतो, तिथून माणूस आकडा दिसतो. १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेलेली माणसे आकडा नव्हती.

गेम १९३६ ला संपतो. त्याच वर्षी बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' प्रसिद्ध केले आणि स्वतंत्र मजूर पक्ष काढला. म्हणून मित्रांनो, खेळा, शिका. पण स्क्रीन बंद केल्यावर वस्तीतल्या मतदार यादीला हात घाला. ती खेळी अजून बाकी आहे.

जय भीम!