न विचारलेले मरण

लखनौच्या उत्तरेकडील जानकीपुरमसारख्या वसाहतीत एखाद्या घरी पाळलेले कासवाचे पिल्लू मरते, तेव्हा त्याचा फारसा बोभाटा होत नाही. दोन दिवस ते हललेले नसते. थंडीमुळे झोपले असेल म्हणून कोणी हात लावलेला नसतो. मग वास येतो, आणि मुलाची नजर चुकवून ते कुंडीतल्या मातीत पुरले जाते, नाहीतर गोमतीत सोडले जाते. ते कशाने मेले हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पुष्कळ घरांत मात्र एक समजूत तयार असते: आपल्यावर येणारे संकट त्या मुक्या जिवाने स्वतःवर घेतले. मोठी माणसे हे हात जोडून सांगतात, मुले ऐकतात, आणि काही दिवसांनी त्याच टबात दुसरे पिल्लू येते. पुण्या-नागपुराहून नोकरीनिमित्त तिकडे गेलेली आपली माणसे हेच बोलतात, आणि इकडे राहिलेले आपणही हेच बोलतो. एका जिवाचे मरण आपल्या लाभाच्या खात्यात जमा करून आपण मोकळे होतो. मला या समजुतीची भीती वाटते, कारण तीत दुःख आहे, भक्ती आहे, पण चौकशी कुठेच नाही.

आपण कासवाचे वैरी आहोत असे कोणी म्हणणार नाही. मंदार पर्वत पाठीवर तोलणारा कूर्म आपल्या दशावतारांत आहे. यमुनेचे वाहन कासव आहे. महाराष्ट्रातल्या देवळात शिरताना देवासमोरच्या दगडी कासवाला हात लावून तो कपाळाला लावायचा, हे आपल्याला आईच्या कडेवर असल्यापासून ठाऊक असते. जेजुरीच्या गडावर पितळी पत्र्याने मढवलेल्या प्रचंड कासवावर खंडोबाची तळी भरली जाते. इतक्या पिढ्यांचा नमस्कार ज्याला लाभला, तो प्राणी खातो काय, राहतो कुठे, त्याला ऊन किती लागते, हे नमस्कार करणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना सांगता येईल? आपल्या वाडवडिलांनी आपल्याला त्याच्यापुढे वाकायला शिकवले, त्याच्याकडे पाहायला शिकवले नाही. आपणही मुलांना तेवढेच शिकवत आहोत. वास्तुशास्त्राच्या नावाने उत्तरेच्या कोपऱ्यात धातूचे कासव ठेवणे हा त्या वाकण्याचाच पुढचा टप्पा होता. धातूच्या कासवाने लक्ष्मी टिकत असेल तर जिवंत कासवाने ती वाढेल, असे कोणाच्या तरी मनात आले आणि तिथून हा बाजार उभा राहिला.

या बाजारात सर्वाधिक मागणी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेल्या तारा कासवाला आहे. हे कासव राजस्थान-गुजरातच्या आणि दक्षिणेकडील आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या कोरड्या माळरानांवरचे, तसेच श्रीलंकेतले. भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून एका वर्षात किमान ५५,००० तारा कासवे रानातून उचलली गेली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदले आहे. पाय बाहेर काढता येऊ नयेत म्हणून त्यांना चिकटपट्टीने गुंडाळतात आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांत, पिशव्यांत दडपून दूरच्या शहरांत पाठवतात. मुलाच्या वाढदिवसाला आलेले मुठीएवढे पिल्लू त्या गठ्ठ्यातून जिवंत निघालेले असते. जी निघाली नाहीत त्यांचा हिशेब आपण विचारला नाही. उत्तर प्रदेशात तर नदीतल्या कासवांचाही व्यापार फार मोठा आहे. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या पोलिसांच्या विशेष दलाने एकट्या अमेठी जिल्ह्यात ६,००० हून अधिक कासवे पकडली. ती पाळण्यासाठी नव्हती. पण जिवंत कासवाला पोत्यात भरण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

आता घरात आलेल्या पिल्लाकडे पाहू. कासवाच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. ती उन्हातून घ्यावी लागते. अंग तापले नाही तर खाल्लेले पचत नाही. लखनौत जानेवारीत दिवसेंदिवस धुके असते, पारा एक आकडी होतो, आणि माळरानावरचा हा जीव थंड फरशीवरच्या टबात असतो. कवच हे हाडच आहे, आणि ते घडायला चुना म्हणजे कॅल्शियम लागते. ते अंगी लागण्यासाठी उन्हातले अतिनील किरण लागतात, आणि ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. गवत, पाला आणि फुले खाणाऱ्या या प्राण्याला आपण पोळी, भात, बिस्कीट देतो, फार तर काकडीची चकती. कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते, पाय अंगाचा भार पेलेनासे होतात. ओल आणि गारठा एकत्र आले की छाती भरते. नाकातून फेस येतो, तोंड उघडे राहते. हे सारे आठवडे-महिने चाललेले असते. कासव ओरडत नाही, आणि आपण त्या गप्प राहण्याला समाधान समजतो. मग एका सकाळी ते मेलेले दिसते आणि आपण म्हणतो, काल तर चांगले होते.

त्याला वेळीच डॉक्टरकडे का नेले नाही? इथे आपल्या अपराधाची खरी खोली दिसते. तारा कासव पाळणे गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, आणि त्या दुरुस्तीने ते वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत गेले. त्यासाठी किमान तीन वर्षांची कैद आहे. म्हणून ते विकणारा कुजबुजत विकतो, घेणारा पडद्याआड ठेवतो, आणि आजारी पडले की दवाखान्याचे दार त्याला आपोआप बंद होते. मेल्यावर शवविच्छेदन व्हायचा तर प्रश्नच नाही. ज्या मरणाला आपण गूढ म्हणतो, ते गूढ राहण्याची व्यवस्था त्याला घरी आणण्याच्या दिवशीच आपण करून ठेवलेली असते. ज्याच्यावर आपली माया आहे म्हणतो, त्याला मदत मागण्याची वाट आपणच बुजवलेली असते. आणि हे करणारे कोणी गुंड नाहीत. ती शिकलेली, कर भरणारी, सणवार पाळणारी माणसे आहेत. ती आपण आहोत.

कारण न विचारण्याची ही रीत आपल्याकडे माणसांच्या बाबतीतही होती. जन्मल्यावर आठवडाभरात बाळ ताठ होऊन जायचे, आणि घर म्हणायचे सटवीने नेले. किती आयांनी हे ऐकून डोळे पुसले असतील! बाळ सटवीने नेलेले नव्हते. नाळ कापणारे पाते मळलेले होते. धनुर्वाताचे कारण कळले, पाते उकळले जाऊ लागले, आयांना लस मिळाली, आणि २०१५ मध्ये नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. सटवीची पूजा करणारी घरे आजही आहेत, पण त्या घरांतली बाळे जगतात. श्रद्धा राहिली आणि अज्ञान गेले. कासवाच्या बाबतीत आपल्याला यापेक्षा फार थोडे करायचे आहे.

कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर हे घडलेही आहे. समुद्री कासवाची घरटी उकरून अंडी नेणे तिथे पूर्वीपासून चालत आले होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे काम सुरू केले. गावकऱ्यांनी अंडी राखायला घेतली, आणि आज पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोक त्याच गावकऱ्यांच्या घरी मुक्कामाला येतात. ज्या हातांनी अंडी नेली असतील तेच हात घरट्याला कुंपण घालू लागले. गाव तेच, माणसेही तीच.

जानकीपुरममध्ये किंवा पुण्याच्या कोथरूडमध्ये आज ज्याच्या घरी तारा कासव आहे, त्याने ते नदीत सोडून पुण्य मिळवू नये. तो जमिनीवरचा प्राणी आहे, खोल पाण्यात बुडून मरतो. दुकानातून आणलेले लाल कानाचे अमेरिकी कासव पोहते खरे, पण गोमतीत किंवा मुठेत सोडले तर इथल्या कासवांचे अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावते. दोन्हींसाठी वनविभागाला कळवावे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे करावे. भीती वाटली तरी कळवावे, कारण त्या भीतीची किंमत आजवर त्या प्राण्याने भरली आहे. आणि ज्या घरात पिल्लू मेले असेल, तिथे मुलाला संकट टळल्याचे सांगू नये. पिल्लाला ऊन मिळाले नव्हते, ते गारठले होते, त्याचे अन्न चुकीचे होते आणि ते आपल्या घरी यायलाच नको होते, हे सारे मुलाला सांगावे.