विश्लेषण : वॉर्डातल्या सिस्टरना बोलायला वेळ का मिळत नाही?

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात सिंधुदुर्ग आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. शहर अनोळखी, काहींची भाषा कानडी. अशा वेळी सिस्टरच्या दोन शब्दांनी धीर येतो. ते शब्द मिळत नाहीत, ही सरकारी रुग्णालयांबाबतची जुनी तक्रार.

यात दोष स्वभावाचा कमी, संख्येचा जास्त. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी रुग्णालयांत रात्रपाळीला मात्र अनेकदा अख्खा वॉर्ड एकीच्या भरवशावर असतो. सलाईन, इंजेक्शने, नोंदी उरकताना ‘झोप लागली का?’ हे विचारणेच आधी राहून जाते.

आपुलकीची वानवा या पेशात नाही. मुंबईत केईएमच्या परिचारिकांनी सहकारी अरुणा शानभाग यांना 1973 ते 2015 अशी जवळपास 42 वर्षे सांभाळले. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्कही सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच दिला. पण तिथे रुग्ण एकच होती.

मे 2022 मध्ये राज्यातील परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा विरोध प्रामुख्याने कंत्राटी भरतीला होता. कंत्राट संपले की वॉर्डाला सरावलेली सिस्टर जाते आणि नवी येणारी केसपेपर वाचण्यापासून सुरुवात करते.