प्रोजेक्ट विकत घेताय? आधी एक ॲम्प्लिफायर जोडा!

सबमिशन जवळ आलं की इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांची पावलं पुण्यात तापकीर गल्लीकडे आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडकडे वळतात. सुटे पार्ट आणायला जात असतील तर उत्तमच. पण रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट शोधणारेही असतात. मग व्हायवात ‘हा कपॅसिटर इथे कशाला?’ एवढं विचारलं, की सगळी बोलती बंद!

माझं म्हणणं साधं आहे. डिग्री हातात पडण्याआधी प्रत्येकाने निदान एक छोटा ऑडिओ ॲम्प्लिफायर स्वतः जोडावा. एलएम ३८६ ही ८ पायांची आयसी, ९ व्होल्टची बॅटरी, ८ ओहमचा स्पीकर, व्हॉल्यूमसाठी एक पॉट, थोडे कपॅसिटर आणि ब्रेडबोर्ड. बस्स, एवढंच लागतं. पिन १ आणि ८ मोकळ्या ठेवल्या तर सिग्नल २० पट वाढतो. त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की २०० पट. आउटपुटच्या पिन ५ वर आवाजासोबत बॅटरीच्या साधारण निम्मं डीसी व्होल्टेजही असतं. ते स्पीकरपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. व्हायवातल्या त्या प्रश्नाचं उत्तर हेच!

ॲम्प्लिफायरच का? कारण त्यातली चूक कानाला कळते. ग्राउंड नीट नसेल तर घूंऽऽ ऐकू येतं. सिग्नल जास्त झाला की आवाज फाटतो. बॅटरी उतरली किंवा सप्लायजवळ कपॅसिटर नसला, तर स्पीकर फटफट करायला लागतो. पुस्तकातलं ‘क्लिपिंग’ एकदा असं ऐकलं की पाठ करावं लागत नाही.

‘अर्ध्या वॉटच्या आवाजासाठी एवढा खटाटोप? त्यापेक्षा ब्लूटूथ स्पीकर घेऊ की!’ बरोबर आहे. गाणी ऐकायची असतील तर तोच घ्या. इथे कमवायची आहे ती बिघाड शोधायची सवय. ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि सगळा दोष पोरांना का द्यायचा? चकचकीत बाइंडिंगला मार्क मिळत असतील तर पोरं बाइंडिंगच आणणार. त्यापेक्षा परीक्षकांनी सर्किटमधली एक वायर गुपचूप काढून ठेवावी आणि म्हणावं, ‘आता चालू करून दाखव.’ ज्याने स्वतः जोडलंय, तो पाच मिनिटांत आवाज काढेल. विकत आणणाऱ्याचा मात्र स्पीकरही गप्प आणि तोही गप्प!