चूक बोटाची की बटणाची?



आपल्या हॉस्टेलमध्ये रात्रीच्या चहानंतर दोन विषय हमखास निघतात. एक मेसची भाजी आणि दुसरा, "एखादं भारी ॲप बनवू ना बे!" मग चर्चा रंगते. फ्लटर घ्यायचं की रिॲक्ट नेटिव्ह? आधी फिगमात स्क्रीन काढायच्या की सरळ कोड लिहायला बसायचं? रात्रीचे दोन वाजतात, पण ते बटण शेवटी दाबणार कोण, हे मात्र कुणीच विचारत नाही!

माणूस आणि यंत्र यांच्यातला व्यवहार सोपा करणं हेच ज्यांचं काम, त्या इंटरॅक्शन डिझायनर मंडळींतही साधनांवरून वाद होतात. पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत असतं. वापरणारा चुकला, तर दोष आधी वस्तूत शोधायचा. आपल्या गळी हे अजून उतरलेलं नाही. त्याची किंमत कोण मोजतं, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

२०२३ ची गोष्ट. माझा रूम पार्टनर मानोरा तालुक्यातला. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेली. पठ्ठ्यानं रात्री जागून सगळी कागदपत्रं चढवली. शेवटी खाली दोन बटणं, शेजारी-शेजारी, एकाच रंगाची: 'जतन करा' आणि 'सादर करा'. यानं पहिलं दाबलं. हिरवी टिकली आली, 'माहिती यशस्वीरीत्या जतन झाली' असं वाक्य आलं. हा निवांत झोपला. महिन्याभरानं कळलं की फॉर्म गेलेलाच नाही!

"माह्यंच चुकलं लेका," एवढंच तो म्हणाला. फी भरण्यासाठी बाबांनी भाव येईल म्हणून राखून ठेवलेलं सोयाबीन पडत्या भावात विकलं. आणि आम्ही मित्र काय म्हणालो? "इंजिनिअरिंगला आहेस ना तू? नीट वाचायचं ना!"

आता सांगा, चूक बोटाची की बटणाची?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. मतदान यंत्र घ्या. ईव्हीएमवरचे राजकीय वाद इथे बाजूला ठेवू, आपण फक्त त्याच्या बटणाबद्दल बोलू. मे १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर हे यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर पोचलं. त्याला रूप देण्यात आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचा हात होता. विचार करा, हे यंत्र वापरणारा माणूस ते काही वर्षांतून एकदाच हाताळतो, तेही एकटा, आडोशाला. शेजारी उभं राहून सांगणारं कुणी नाही. म्हणून नाव, चिन्ह आणि निळं बटण एकाच ओळीत. बटण दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा लागतो आणि लांब 'बीप' वाजते. काम झालं, हे अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळतं. घाबरून तिनं आणखी चार वेळा बटण दाबलं तरी मत एकच! केंद्रावरचा अधिकारी आपलं बटण पुन्हा दाबत नाही, तोवर यंत्र दुसरं मत घेतच नाही. पुढे व्हीव्हीपॅट आलं, आणि आपलं मत कुठे गेलं ते चिठ्ठीवर सात सेकंद डोळ्यांनी दिसू लागलं.

शिष्यवृत्तीचा फॉर्मही वर्षातून एकदाच भरायचा असतो, तोही रात्री, एकट्यानं. पण तिथली हिरवी टिकली अर्ध्या कामाला पूर्ण काम म्हणाली. 'तुमचा फॉर्म अजून गेलेला नाही' एवढं एक वाक्य तिथे असतं, तर सोयाबीन घरातच राहिलं असतं.

पण दुसऱ्यांना नावं ठेवणं सोपं. आम्ही स्वतः काय दिवे लावले, तेही सांगतो. आमचा प्रोजेक्ट होता मोबाइलवरून शेतातली मोटार चालू-बंद करण्याचा. स्क्रीनवर एकच गोल बटण. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. आम्हाला केवढा अभिमान! मेसच्या काकांची मालेगावकडे शेती आहे, म्हणून सहज त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी बटण दाबलं. रेंज कमी असल्यानं काही सेकंद काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा एकदा. मोटार चालू, बंद, चालू! आम्ही म्हणालो, "काका, तुम्हाला नाही जमणार." ते हसून म्हणाले, "पोरांनो, माह्या स्टार्टरले दोन बटनं हायेत. हिरवं दहादा दाबलं तरी मोटार चालूच राह्यते."

आम्ही गप्प! चार वर्षं शिकून जे सुचलं नाही, ते बांधावरच्या पेटीत आधीपासूनच होतं. त्या रात्री आम्ही दोन बटणं केली आणि मध्ये एक ओळ टाकली, 'निरोप गेला, मोटारीच्या उत्तराची वाट पाहत आहे'. दुसऱ्या दिवशी काकांनी एकदाच दाबलं.

डॉन नॉर्मन या अमेरिकी तज्ज्ञानं १९८८ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात दारांचंही उदाहरण आहे. दारावर 'ढकला' अशी पाटी लावावी लागते, म्हणजे दारच फसलेलं असतं. आपल्या लॅबचं दार आठवा. पाटी असूनही सगळे ओढतात, अगदी सरसुद्धा!

काही जण म्हणतील, लोकांना शिकवलं पाहिजे, सगळंच काय सोपं करून द्यायचं? शिकवावंच. ट्रॅक्टर शिकूनच चालवायचा असतो. पण जी गोष्ट वर्षातून एकदा आणि एकट्यानं करायची, तिचं शिक्षण कोण देणार, आणि कधी?

म्हणून प्राध्यापक मंडळींना एक नम्र सूचना. प्रोजेक्टच्या व्हायव्हात एक प्रश्न वाढवा, 'हे तुमच्यासमोर किती जणांनी वापरून पाहिलं?' जेकब नीलसन या तज्ज्ञानं २००० साली लिहिलं होतं की पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पाच माणसं आपल्या आवारातच आहेत. मेसचे काका, वॉचमन, ग्रंथालयातल्या ताई, ऑफिसातले बाबू आणि रविवारी भेटायला आलेली कुणाची तरी आई. फिगमा येत नसेल तर कागदावर पेन्सिलीनं स्क्रीन काढा. त्यांच्या पुढ्यात ठेवा, स्वतःचे हात मागे बांधा आणि तोंड बंद ठेवा. बोट कुठे थबकतं, तेवढं लिहून घ्या.

असो. माझ्या मित्रानं पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा भरला, तेव्हा आम्ही तिघं त्याच्या बाजूला बसलो होतो. 'सादर करा' दाबून झाल्यावरही तो दोनदा विचारत होता, "गेला ना बे?" स्क्रीनवर लिहिलेलं होतं, तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी प्रिंट काढून हातात दिली, तेव्हा कुठे तो उठला.