भोनचा स्तूप आणि पूर्णेचे पाणी

अजिंठ्याची सहल आपल्यापैकी पुष्कळांनी केली असेल. पण बुलढाणा जिल्ह्यातील भोन किती जणांनी पाहिले? संग्रामपूर तालुक्यातील पूर्णाकाठचे हे लहानसे गाव. येथे लेणी नाहीत, चित्रे नाहीत. जे आहे ते पांढरीच्या मातीत गाडलेले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ नंतर काही हंगाम येथे उत्खनन केले. तेव्हा मौर्य-सातवाहन काळातील भरभराटीची वस्ती आणि विटांचा स्तूप उजेडात आला. अजिंठ्याला डोंगराचा काळा कातळ होता, तो कोरला. पूर्णाकाठी सारी गाळाची जमीन, दगड नाही. म्हणून मातीची वीट पाडली, भाजली आणि गोल रचली. वीटभट्टीवर राबलेल्या आपल्या माणसांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. दोन हजार वर्षांपूर्वी हे काम करणारे हातही कष्टकऱ्यांचेच.

मला स्वतःला स्तूपाइतकेच नवल वाटते ते तेथील पाण्याच्या सोयीचे. कुंभाराने भाजलेली मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी सापडल्या. हल्लीच्या सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीच म्हणा ना! विटांनी बांधलेला कालवाही निघाला. हा भाग खारपाणपट्ट्यातला. आमच्या मायबहिणींनी गोड पाण्याच्या हंड्यासाठी किती पायपीट केली, ते त्याच जाणोत. ज्यांनी कालवा बांधला त्यांनाही नदीच्या पाण्याची किंमत कळत होती.

आणि आता पाण्याचाच पेच पडला आहे. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात भोन येते. धरण नको, असे म्हणणे मला पटत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवेच, आणि त्यात आपलेही बांधव आहेत. गाव सोडावे लागणाऱ्यांचे पुनर्वसन आधी नीट झाले पाहिजे, हेही खरे. परंतु धरण आणि वारसा दोन्ही सांभाळता येतात. आंध्रात कृष्णेवर नागार्जुनसागर झाले, तेव्हा १९५४ ते १९६० पर्यंत नागार्जुनकोंड्याचे उत्खनन केले गेले. महत्त्वाचे अवशेष उंच टेकडीवर हलवून पुन्हा उभारले. आज ती टेकडी जलाशयातील बेट आहे आणि तेथे संग्रहालय आहे. तेथील स्तूपही विटांचेच होते. मग भोनच्या बाबतीत हीच मागणी आपण लेखी का करू नये? गावोगावच्या विहारांतून सह्यांचे अर्ज गेले, तर निदान दखल तरी घ्यावी लागेल.

भोनला जायचे तर मुंबई-नागपूर मार्गावरील शेगाव स्टेशनला उतरावे आणि पुढे सडकेने जावे. फार काही उभे दिसेल, ही अपेक्षा ठेवू नका. उत्खननाचे खड्डे काम झाल्यावर बहुधा बुजवतात. पांढरीवर जुन्या विटेचा तुकडा किंवा खापर दिसले तर मुलांना दाखवा, हात लावू द्या, पण पिशवीत घालू देऊ नका. कोणते खापर कोणत्या थरात मिळाले यावरूनच वस्तीचा काळ ठरतो. घरी शोकेसमध्ये ठेवलेले खापर कोणालाच काही सांगत नाही.