नरवंध्य भाताची हकिकत



कुलाबा जिल्ह्यात ज्यांचे बालपण गेले, त्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना ‘पळींज’ म्हणजे काय, हे सांगावयास नको. लोंबीत दाणा न भरता नुसते टरफल उरले, की ते पळींज. सुपात पाखडताना ते वाऱ्यावर उडून जाई. आज आम्ही जी हकिकत सांगणार आहोत, ती आपल्या परागांनी दाणा धरू न शकणाऱ्या अशाच एका भाताची. त्याच्या या उणिवेतूनच पुढे कोट्यवधी लोकांच्या ताटात भात पडला.

प्रथम भाताचे फूल पाहू. त्यात सहा पुंकेसर आणि मध्ये अंडाशय, असा सारा संसार एकाच घरात असतो. फूल उमलते न उमलते तोच त्याचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात. दोन भिन्न जातींच्या संकरातून निपजलेली पहिली पिढी आईबापांहून जोमदार असते, हे मक्याच्या अनुभवावरून ठाऊक होते. परंतु भाताच्या लक्षावधी इवल्या फुलांतून पुंकेसर खुडीत कोण बसणार? तेव्हा ज्याचे पराग उपजतच निकामी, परंतु अंडाशय निरोगी, असे रोप शोधणे हाच उपाय उरला.

चीनच्या हुनान प्रांतातील युआन लाँगपिंग यांनी हा शोध १९६४ साली आरंभिला. ते एका शेतकी शाळेत शिक्षक होते, हे सांगताना आम्हां शिक्षकांस किंचित अभिमान वाटला, तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा. १९७० च्या नोव्हेंबरात हैनान बेटावर त्यांचे सहकारी ली बिहू यांना रानभाताचे एक नरवंध्य रोप आढळले. त्यापासून १९७३ पर्यंत संकराची पद्धत सिद्ध झाली आणि १९७६ पासून संकरित भात चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर पेरला जाऊ लागला. उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी वाढले.

या रोपाचे पराग निकामी का होत असावेत? परागकोशाच्या आतल्या बाजूस पेशींचा एक थर असतो. दाईने तान्ह्या बाळाला वाढवावे, तसा तो कोवळ्या परागकणांना पोसतो आणि काम संपताच विरून जातो. या रानभाताच्या तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला शक्ती पुरविणाऱ्या सूक्ष्म घटकांत, एक आगळे जनुक आहे. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनामुळे ही दाई वेळेआधीच मरते आणि पराग उपाशी राहून सुकतात. चिनी शास्त्रज्ञांनी २०१३ साली हे दाखवून दिले. तंतुकणिका आईकडूनच येतात. म्हणून हा दोषही आईकडूनच संततीत उतरतो.

दोषाचे औषधही निसर्गातच आहे. काही जातींच्या केंद्रकात या जनुकाला आवर घालणारी जनुके असतात. अशी जात बाप म्हणून घेतली, की संकरित बियाण्याची रोपे सुपीक होतात आणि शेतकऱ्याच्या लोंब्या दाण्यांनी भरतात. खुद्द वंध्य आईचा वंश टिकविण्यास मात्र तिसरी जात लागते. ती आईसारखीच असते, फक्त तिचे पराग धडधाकट असतात. बियाण्याच्या शेतात आई व बाप यांच्या ओळी शेजारी शेजारी लावतात आणि फुलोऱ्याच्या वेळी बापाच्या ओळींवरून दोर ओढून पराग उडवितात.

ही विद्या आपल्या जुन्या मुलखातही पोहोचली. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने तयार केलेली ‘सह्याद्री’ ही संकरित जात १९९८ साली प्रसारित झाली. तिची आईही हैनानच्या त्या रानभाताच्याच वंशातील.

परंतु या देणगीचे मोलही चुकते करावे लागते. पूर्वी कोकणातील शेतकरी मळणीनंतर पुढील सालचे बी कणगीत राखून ठेवी. संकरित भाताचे बी राखून पेरले, तर दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात व जोम ओसरतो. म्हणून दर वर्षी पैसे मोजून नवे बियाणे घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. अनेक देशांतील बहुतेक संकरित भातांची आई एकाच वंशाची आहे. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा पडला, तेव्हा तेथील बहुतांश संकरित मका अशाच एका नरवंध्य आईचा होता, आणि वंध्यत्व देणारे जनुकच त्याला रोगाला बळी पाडणारे ठरले. सुमारे १५ टक्के पीक गेले. भातावर असा प्रसंग आलेला नाही. तथापि साऱ्यांनी एकाच आईवर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून रानभात आणि जुन्या गावठी जाती जपून ठेवणे हा केवळ गतकाळाचा मोह नव्हे. हैनानचे ते रोप तणासारखेच वाढत होते; कोणी उपटून फेकले असते, तर विचारणारे कोणी नव्हते. उद्या उपयोगी पडणारे रोप आज कोणत्या बांधावर उभे आहे, हे आधी ओळखता येत नाही.